गोठ्यातलं यंत्र

सेवानिवृत्त माणसाने काय करावं, याविषयी आपल्याकडे सर्वांचं एकमत आहे. त्याने पहाटे फिरायला जावं, नातवंडांना शाळेत पोचवावं, वर्तमानपत्र शेवटच्या पानावरच्या जाहिरातींसकट वाचून काढावं आणि संध्याकाळी आपल्यासारख्याच चार निवृत्त मंडळींबरोबर बाकावर बसून, जग बिघडत चालल्याची एकमेकांना खात्री पटवून द्यावी. फारच उत्साही असेल तर बागेत गुलाब लावावेत. यापलीकडे तो काही करू लागला, की घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि शेजारी ‘सहज’ म्हणून डोकावू लागतात.

माझ्याकडे शेजारी असे डोकावू लागले, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. कोल्हापूरपासून सातआठ किलोमीटरवर आमचं वडिलोपार्जित घर आहे आणि घराला लागून गोठा आहे. शेवटची म्हैस २०१५ साली विकली, तेव्हापासून त्या गोठ्यात मोडक्या खुर्च्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि एक कायमची मुक्कामाला आलेली मांजर एवढाच संसार होता. त्या गोठ्यात मी साडेतीन टन वजनाचा, संगणकाच्या हुकमाने चालणारा एक लेथ आणून ठेवला. कारखान्यात त्याला सारे ‘सीएनसी’ म्हणतात. नवा नव्हे, तीस वर्षं राबलेला आणि शेवटी भंगारात निघालेला. गावात मात्र बातमी पसरली ती अशी, की मी म्हशीच्या जागी यंत्र बांधलं आहे आणि त्याला वैरण लागत नाही म्हणून खूश आहे. वैरण लागत नाही हे तितकंसं खरं नाही. पण ते पुढे येईल.

लेथ ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी कुंभाराचं चाक डोळ्यांपुढे आणावं. ते चाक उभं करा, मातीच्या गोळ्याऐवजी त्यात लोखंडाचा दांडा पकडा आणि कुंभाराच्या बोटांऐवजी कठीण धातूचं हत्यार त्याला लावा. दांडा फिरतो, हत्यार त्याची साल काढत जातं. विहिरीवरच्या पंपात, मोटारीच्या इंजिनात, तुमच्या घरच्या शिलाईयंत्रात जे जे गोल आहे, त्यातलं बरंचसं कधी ना कधी अशा लेथवर फिरून आलेलं असतं. पूर्वी हत्यार हातात धरीत. १७९७च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने ते सरकत्या घोडीवर बसवलं आणि ती घोडी एका लांब स्क्रूने ओढत नेली. तेव्हापासून आटे एकसारखे पडू लागले. माणसाच्या हाती उरलं ते हँडल.

त्या हँडलवर मी चाळीस वर्षं हात ठेवला. १९७८ साली आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गाला बसलो, तेव्हा शिकलो ते हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर. पुढे नोकरी लागली तिथेही तसाच लेथ वाट्याला आला. टर्नरचं सारं कसब शेवटच्या कटात असतं. आधीचे कट कोणीही घेईल. पण माप जवळ आलं, की हँडलवरची एक रेघ पुढे न्यायची की अर्धीच, हे बोटांना कळावं लागतं. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या सहासात पट जाड असतो.

आमचे हेडमिस्त्री तर कानाने काम करीत. डोळे मिटून, तोंडात पानाचा तोबरा धरून ते चार लेथ पलीकडून सांगत, “तिसऱ्याचं हत्यार बोथट झालंय, काढून घे.” हत्यार काढून पाहावं तो खरंच बोथट झालेलं असे. त्यांच्या हाताखाली मी सोळा वर्षं काढली. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत असा आठवडा मला आठवत नाही, आणि त्यांनी शिकवलेलं एखादं काम पुढे अडलं असंही आठवत नाही.

१९९४ साली आमच्या कारखान्यात पहिलं सीएनसी आलं. या यंत्राची कथा तशी जुनी. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाकडेतिकडे आकार हाताने कापणं अवघड पडतं म्हणून अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांनी आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना काढली, आणि १९५२ साली एमआयटी या विद्यापीठाने कागदी पट्टीवरच्या भोकांच्या हुकमाने चालणारं मिलिंग यंत्र लोकांना दाखवलं. पैठणीचा काठ विणणाऱ्या जॅकार्डमध्ये पुठ्ठ्याला भोकं असतात ना, त्यांचंच हे लांबचं भावंड. जपानात फुजित्सू कंपनीने १९५६ साली तसलं नियंत्रण तयार केलं आणि १९७२ साली त्यातूनच फानुक ही वेगळी कंपनी निघाली. तिचे पिवळे पेटारे आज जगभरच्या यंत्रांना डोकं म्हणून बसलेले आहेत.

आमच्याकडचं यंत्र आलं, त्या दिवशी मालकांनी नारळ फोडला, पेढे वाटले. बंद काचेआड दांडा फिरू लागला, हत्यारांचं चक्र आपोआप वळलं आणि दुधासारख्या पाण्याच्या धारेखाली आमचं अर्ध्या तासाचं काम पावणेचार मिनिटांत बाहेर पडलं. मिस्त्रींनी ते उचललं, खिशातला मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला आणि काही न बोलता खाली ठेवलं. सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. जाताना मला म्हणाले, “आता कान लागत नाहीत रे इथं.” मी पुढेही नोकरी करीत राहिलो. साध्या लेथची एकदोन कामं प्रत्येक कारखान्यात उरतातच, ती माझ्याकडे उरली. त्या काचेच्या पेटाऱ्याकडे मात्र मी कधी प्रेमाने पाहिलं नाही.

मग आता या वयात तेच घरी का आणलं, असं तुम्ही विचाराल. आमच्या सौभाग्यवतींनीही विचारलं. त्यांना मी सांगितलं, की स्वस्तात मिळालं. ते खोटं नव्हतं.

खरं कारण असं, की निवृत्तीनंतर मी उद्यमनगरात एका स्नेह्याच्या वर्कशॉपमध्ये थोडंफार काम करीत असे. एके दिवशी चहा घेताना माझा कप बशीत वाजला. पुढच्या महिन्यात तो रोज वाजू लागला. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल गोल रेघा काढायला लावल्या, आणि भिण्यासारखं काही नाही, हा नुसता कंप आहे, असं सांगितलं. जेवता येईल, लिहिता येईल, अक्षर जरा वळवळेल. मी त्यांना लेथच्या शेवटच्या कटाविषयी विचारलं. ते भले गृहस्थ. त्यांनी लेथ म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि मग गप्प बसले. हात स्वस्थ ठेवला की थरथरत नाही. कामाला लावला की थरथरतो. टर्नरला याहून गैरसोयीचा आजार शोधून सापडणार नाही. हँडल एक रेघ न्यायचं तर ते दोन रेघा जाई. मी वर्कशॉपला जाणं बंद केलं.

अशा दिवसांत शिरोलीच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या अंगणात, बाभळीखाली, हे यंत्र मला दिसलं. बंगळूरकडच्या एका कारखान्यात १९९२ साली घडलेलं, डोकं फानुकचं. पावसाने पत्र्यावर तांबूस ओघळ आले होते. चकाच्या तोंडात कोणीतरी गुटख्याच्या पुड्या कोंबल्या होत्या. मी हाताने स्पिंडल फिरवून पाहिला. तो गरकन फिरला आणि सावकाश, एकाच संथ गतीने थांबला. कुठे अडखळला नाही. वधूपरीक्षेला गेलेला माणूस ज्या क्षणी चहाचा दुसरा घोट घेतो, त्या क्षणी लग्न ठरलेलं असतं; माझं तसं झालं.

“काका, उद्या तोडायला घेणार होतो,” भंगारवाला म्हणाला. “काय करता नेऊन?”

“चालवणार.”

“चालवणार?” त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते खिशात घातले. वजनाच्या भावाने सव्वा लाखाला सौदा ठरला.

महिनाभर यंत्र त्याच्याच अंगणात राहिलं, कारण साडेतीन टनांचा पाहुणा शेणाने सारवलेल्या जमिनीवर उतरवता येत नाही. गोठ्यात दोन फूट खोल खड्डा खणला, लोखंडी जाळी घातली, काँक्रीट ओतलं आणि अठ्ठावीस दिवस त्याला पाणी घातलं. काँक्रीट पुरतं पिकायला तेवढे दिवस द्यावेच लागतात. सौभाग्यवती म्हणाल्या, “बाळंतिणीचीसुद्धा एवढी निगा कोणी राखत नाही.” मग हायड्रा आली, गोठ्याची एक भिंत पाडावी लागली, लोखंडी पाइपांच्या रुळांवरून पहारींनी रेटत रेटत यंत्र आत गेलं. सारं गाव जमलं होतं. हायड्राच्या ड्रायव्हरने पैसे मोजून घेताना विचारलं, “काका, म्हस कुठं बांधणार?”

नंतरचे चार महिने धुण्यात गेले. थ्री फेजसाठी वीजकचेरीत जे हेलपाटे घातले त्यांचं वर्णन करीत नाही. प्रत्येकाने ते आपापल्या अनुभवावरून भरून घ्यावं. कापताना जे दुधाळ पाणी वापरतात, ते वर्षानुवर्षं वाळून गुळाच्या काकवीसारखं चिकट झालेलं होतं, आणि त्यात लोखंडाचा कीस रुतून बसला होता. पूर्वी असल्या कामाला रॉकेल मिळे. आता ते औषधालाही मिळत नाही, म्हणून डिझेल वापरलं. घरात महिनाभर पोळ्यांना डिझेलचा वास येतो, असा मजवर आरोप होता. विजेच्या कपाटात उंदरांनी बाळंतपणं केली होती. ते घरटं काढताना आमची ती मुक्कामी मांजर शेजारी बसून माझ्याकडे अशी पाहत होती, की एवढी वर्षं हिने काय केलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

याच कपाटाच्या दाराची आतली बाजू मी फडक्याने पुसली, तेव्हा खाली अक्षरं निघाली. निळ्या बॉलपेनची, एकाच हाताची. ‘दसरा १९९५. सेल बदलले. मशीन चालू ठेवून.’ त्याखाली ‘दसरा १९९६. सेल बदलले.’ त्याखाली १९९७. असं ओळीने खाली उतरत गेलेलं.

याचा अर्थ सांगतो. या यंत्राला स्मरणशक्ती असते. आपल्या स्क्रूचा आटा केवढा, आपली मोटर किती वेगाने फिरवायची, घर कुठे, म्हणजे जिथून मोजायला सुरुवात करायची ती जागा कुठे, अशी शेकडो माहिती आकड्यांच्या रूपाने त्याच्या डोक्यात साठवलेली असते. तिला पॅरामीटर म्हणतात. आणि त्या काळच्या या कंट्रोलमध्ये ही स्मरणशक्ती जिवंत राहते ती तीन सेलवर. काही विलायती प्रकार नव्हे. आपण टॉर्चमध्ये घालतो तसलेच जाडे सेल. ते दर वर्षी बदलावे लागतात, आणि यंत्र चालू असतानाच बदलावे लागतात. बंद असताना काढले, की सारं विसरलं. लाखो रुपयांचं यंत्र, आणि त्याचा प्राण पोपटाच्या गोष्टीसारखा कोपऱ्यातल्या डबीत.

तो अनोळखी ऑपरेटर दर खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की, हा प्राण बदलीत होता. क्वचित एखादा शब्द जास्त लिहिलेला. १९९९ पुढे ‘मुलगी झाली.’ २००५ पुढे ‘यंदा पूर. पाणी दाराशी थांबलं.’ शेवटची ओळ २०१६ची. तिच्याखाली दार कोरं होतं. मी डबी उघडली. सेल फुटून त्यांचं पांढरं मीठ झालं होतं.

यंत्राला वीज दिली. नऊ इंची पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली ती फक्त तक्रारीची. त्याला काहीच आठवत नव्हतं.

परंतु ज्याने दारावर एवढं लिहिलं, त्याने त्याच दाराच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅरामीटरचा मूळ कागदही जपून ठेवला होता. घडीवर पिवळा पडलेला, पण शाबूत. विशेषतः नऊशेच्या पुढचे आकडे. यंत्राला काय काय करण्याची मुभा आहे ते त्यांत असतं आणि ते अंदाजाने भरता येत नाहीत. ते पाहून मी खाली उकिडवा बसलो आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

आता ते सारे आकडे एकेक करून कळफलकावर दाबायचे. माझं बोट एका कळीवर जाताना शेजारच्या कळीला भेट देऊन येई. शेवटी सौभाग्यवतींनी पदर खोचला. त्या तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी मला हातात कागद देऊन स्टुलावर बसवलं आणि कळफलकाचा ताबा घेतला. “अहो, स्पष्ट वाचा,” असा हुकूम सुटला. काही पॅरामीटर आठ आकडी असतात, आणि त्यात नुसते शून्य आणि एक. “शून्य शून्य एक शून्य, एक शून्य शून्य शून्य,” मी वाचीत होतो आणि त्या पाढे म्हणून घ्यावेत तशा मागून म्हणत होत्या. दोन दिवस गोठ्यातून हा पाठ चालला होता. शेजारच्या काकूंनी आमच्याकडे कसलं अनुष्ठान आहे म्हणून चौकशी केली. एके ठिकाणी कागदावर तीन आहे की आठ, ते कळेना. मी डोळे ताणून पाहत होतो. सौभाग्यवतींनी कागद उजेडापुढे उलटा धरला, मागून टंकाचा वळ पाहिला आणि सांगितलं, “आठ. मुलांच्या पाट्या तपासलेल्या आहेत मी.” शेवटचा आकडा भरून यंत्र बंद करून पुन्हा लावलं, तेव्हा पडद्यावर तक्रार नव्हती. एक शांत हिरवी रेघ लुकलुकत होती.

डोकं ताळ्यावर आलं. अंग अजून यायचं होतं. हत्याराची घोडी उजवीकडे नेऊन पुन्हा डावीकडे आणली, की मधे ती सहा शतांश मिलिमीटर हलतच नसे. मोटर फिरे, स्क्रू फिरे, घोडी मात्र स्वस्थ. जुन्या दाराची कडी हलते आणि दार हलत नाही, तसं. स्क्रूच्या टोकांची बेअरिंगं बदलल्यावर ते एका शतांशावर आलं आणि उरलेलं पॅरामीटरमध्ये सांगून भरून काढता येतं. ही सोय मात्र मला साध्या लेथवर कधी मिळाली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

राहिली ती आडव्या घोडीची पाचर. घोडी डुलू नये म्हणून तिच्या खाचेत बिडाची एक लांब निमुळती पट्टी बसवलेली असते. ती एका बाजूला झिजली होती. आता गंमत पाहा. मायक्रॉनमायक्रॉनने चालणाऱ्या या यंत्राची ही पट्टी अजून हाताने खरवडूनच बसवतात. सपाट फरशीवर निळा रंग पुसट लावायचा, त्यावर पट्टी घासायची, जिथे निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणं. एका चौरस इंचात वीस ठिपके सारखे उठू लागले, की काम झालं. आणि ती फरशी सपाट कशी झाली म्हणाल, तर तीही अशीच. मॉडस्लेच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोच्या विद्वानांपुढे ही रीत मांडली होती. दोन फरशा एकमेकींवर घासून जुळवल्या, तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या जुळतील. पण तीन फरशा आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या, तर तिघींना सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. दोघांचं संगनमत होऊ शकतं, तिसरा आला की होत नाही, हे आपण ग्रामपंचायतीतही पाहतो.

खरवडायचं कोणी? उद्यमनगरात चौकशी केली. ज्यांना येत होतं ते एक तर गेले होते नाही तर अंथरुणावर होते. मला येत होतं. मिस्त्रींनी शिकवलं होतं, शिव्यांसकट. पण हाताचं काय? दोन दिवस मी स्क्रेपरला धार लावण्यात घालवले, कारण धार लावायची असेपर्यंत काम सुरू करावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती देवळात गेलेल्या पाहून सुरुवात केली. स्क्रेपरची मूठ कमरेला टेकवायची, दोन्ही तळहातांनी पातं दाबायचं आणि सारं अंग पुढे ढकलायचं. कट किती लांब जाणार हे बोटं ठरवीत नाहीत, कंबर ठरवते. पहिले चार कट वाकडे गेले. पाचवा गेला तो मिस्त्री ‘हां’ म्हणाले असते असा. एकदा अंगाचा भार पडला, की बोटांना थरथरायला जागाच उरत नव्हती. दुपारी जेवायला हाक आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तीन तास मला माझे हात आठवलेच नव्हते. जेवताना वाटी वाजली, तेव्हा आठवले.

अकरा दिवस लागले त्या एका पट्टीला. पाठ धरली, कमरेला काळानिळा वण उठला. बाराव्या दिवशी ती खाचेत सरकवली तेव्हा लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि शेवटच्या दोन बोटांवर आपणहून घट्ट झाली.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घातली, तोंडावर हळदकुंकू लावलं, पान्हे आणि मायक्रोमीटर ओळीने पाटावर मांडले. यंत्र चालू ठेवून सेल बदलले. सौभाग्यवतींनी दारावर २०१६च्या खाली नवी ओळ लिहिली. माझ्यापेक्षा त्यांचं अक्षर आता चांगलं येतं.

मिस्त्री आले ते त्यानंतर तीनएक आठवड्यांनी, दिवाळीच्या पाडव्याला. आता त्यांचं वय शहाऐंशी. नातवाने मोटारसायकलवरून आणून सोडलं. मी त्यांना यंत्राविषयी काही कळवलं नव्हतं. गावोगाव ते कळलेलंच होतं. गोठ्याच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले.

“हेच काय ते?”

“तसलंच. आपल्या कारखान्यातलं नव्हे.”

ते आत आले. मी स्पिंडल सुरू केला. त्यांनी पाटावरचा मोठा स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक स्पिंडलच्या पेटीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. तोंडात आता पान नव्हतं, दातही नव्हते. मी हजार फेऱ्यांवरून दीड हजारावर नेलं, दोन हजारांवर नेलं. त्यांनी डोळे उघडले.

“पुढचं बेअरिंग थोडं बोलतंय. पण बरं बोलतंय. ग्रीस नको कोंबू त्यात.”

शेजारच्या एका गुऱ्हाळाच्या चरकाला स्क्रू हवा होता, वीस मिलिमीटर जाडीचा. त्याचा दांडा लावला. काच बंद केली. आटे पाडताना हे यंत्र एकच वाट आठदहा वेळा चालतं, दर वेळी थोडं खोल, आणि प्रत्येक वेळी बरोबर मागच्या खाचेतच शिरतं. साध्या लेथवर त्यासाठी मिस्त्री मला कानशिलाशी उभे राहून ‘आता! आता!’ म्हणून ओरडत असत. ते काचेला नाक लावून पाहत होते. पाचव्या फेरीला त्यांचे ओठ हलले. मला वाटतं, तेच म्हणाले.

नेहमीप्रमाणे पहिल्या वेळी मी माप थोडं जड ठेवलं होतं. मिस्त्रींनी कोटाच्या खिशातून एक नट काढला. कोणी पाहुणा पाडव्याला खिशात पेढे आणतो, कोणी नट. तो त्यांनी आट्यांवर चढवला, दोन बोटांनी अर्ध्यापर्यंत नेला आणि थांबले.

“एक थाऊ काढ.”

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; पंचवीस मायक्रॉन. मी कळफलकाकडे हात नेला. हात थरथरत होता, आणि आता तो खिशात घालायला जागा नव्हती. मिस्त्रींनी तो पाहिला. सोळा वर्षं त्यांनी माझे हात पाहिलेले. त्यांना काय सांगायचं?

“कधीपासून?”

“तीनएक वर्षं झाली.”

त्यांनी मान हलवली. मी दोन्ही हातांनी एक एक कळ दाबून उणे पंचवीस मायक्रॉन भरलं. अवकाश लागला, पण भरलं. मग त्यांनी विचारलं, “सुरू कुठलं?” मी हिरवं बटण दाखवलं. तीस वर्षांत या जातीच्या यंत्राला ज्यांनी बोट लावलं नव्हतं, त्यांनी ते अंगठ्याने, भिंतीत खिळा रोवावा तसं जोर लावून दाबलं.

यंत्र पुन्हा त्याच वाटेने गेलं. काच उघडली, पाणी निथळलं. नट या खेपेला सरळ शेवटपर्यंत गेला, आणि मिस्त्रींनी तो पुन्हा उलटा फिरवून काढला, पुन्हा घातला. हातावरचं दुधाळ पाणी त्यांनी धोतराला पुसलं. आतून सौभाग्यवती फराळाची ताटं घेऊन येत होत्या.

“वहिनी, ते राहू द्या जरा,” मिस्त्री म्हणाले. “चहा तेवढा टाका.” आणि माझ्याकडे वळून, अगदी १९७८ सालच्या आवाजात, “बघतोस काय? दुसरा दांडा लाव.”